भुलाबाईची शेवटची खिरापत

“यंदा भुलाबाई मंदाच्या घरी जाते, पाहजो तू,” माझ्या पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला म्हणाली.

“जायलेच पाह्यजे. लेकरू नाई, बाळ नाई, अन् चार वर्सापासून हे आपल्याच घरी भुलाबाई बसवून राह्यली. पाळना हाललेल्या घरी बसावं ना तिनं.”

“अन् नाई गेली तं?”

“जाते व. एक बार खिरापत ओळखली का झालं. मंदा का सोडते का?”

वर्ध्याहून समुद्रपूरला निघालेली एसटी तेवढ्यात एका खड्ड्यात आदळली आणि दोघींचं बोलणं सोयाबीनच्या भावावर गेलं. मी खिडकीबाहेर बघत असल्यासारखं केलं. मला ही सवय आहे. बोलायची भीती वाटते, पण ऐकायची कधीच वाटली नाही. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असं वाढल्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघते. तोपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

बाहेर काळी जमीन होती. कुठे सोयाबीनच्या कापणीनंतरचा बुडखा, कुठे पहिल्या वेचणीला आलेली कपाशी, मधूनमधून तुरीची हिरवी तासं (पिकाच्या ओळी). ऑक्टोबरचं ऊन खिडकीच्या गजांवर तापलं होतं. माझ्या मांडीवरच्या पिशवीत पुण्याहून आणलेली बाकरवडी होती. माझी ऑफिसातली मैत्रीण प्रणाली हिने बजावलं होतं, “कोजागिरीला आमच्या गल्लीत रिकाम्या हातानं कोणी येत नाही. खिरापत आण. आणि काय आणलंस ते कोणालाही सांगू नकोस, मलासुद्धा नाही.”

खिरापत म्हणजे प्रसाद, एवढंच मला माहीत होतं. तिचं गुपित का ठेवायचं, ते कळलं नव्हतं.

प्रणालीचं गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

थांब्यावर प्रणाली आणि तिची वहिनी दोघी आल्या होत्या. शुभावहिनी तिशीच्या, उंच, चालताना हात भरभर हलवणाऱ्या. माझी बॅग त्यांनी विचारल्याशिवाय उचलली. पुढच्या सीटवरच्या बाया मागून उतरल्या, वहिनींना बघून हसल्या.

“काऊन व शुभा, पाव्हनी आनली का?”

“हो ना मावशी. संध्याकाळी येजा बरं गाण्याले.”

“येतो ना. शेवटचा दिवस हाय.”

‘शेवटचा’ हा शब्द तिने जरा ओढून म्हटला. तेव्हा मला समजलं की एसटीतलं बोलणं ह्याच वहिनींबद्दल होतं. मी काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने प्रणालीच्या मागे चालू लागले.

घराच्या ओसरीत पाटावर भुलाबाई बसली होती. मातीची, वीतभर उंचीची, हिरव्या लुगड्याची. शेजारी फेटा बांधलेला भुलोजी आणि तिच्या मांडीवर लहानसा गणपती. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर, पण गाण्यांमध्ये ती माहेरी आलेली लेक असते. तिला दिवस जातात, डोहाळे लागतात, बाळ होतं, पाळणा हलतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला ती येते आणि कोजागिरीला जाते. शेत पिकून घरी येतं तोच हा महिना.

“भुईनं दिलं, आता तिची ओटी भराची,” प्रणालीच्या आईंनी मला एका वाक्यात सांगितलं. “बस, एवढंच हाय याच्यात.”

जेवायला वडाभात होता. मिश्र डाळींचे वडे भातात कुस्करून त्यावर लसूण-मिरचीचं कडकडीत तेल ओततात. मी तेल कमी घेतलं, तर आईंनी पळी माझ्या ताटावर परत उलटी केली. “कोरडा भात गयात अटकते,” असं म्हणून त्या माझ्या खाण्याकडे बघत बसल्या. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला तेव्हा कुठे त्यांची नजर हलली.

जेवताना प्रणालीने खिरापतीची रीत समजावली. महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली भुलाबाईपुढे गाणी म्हणतात. मग झाकलेला डबा येतो. तो हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येक घराचा डबा येतो. जी मुलगी ओळखेल तिला त्या घरून काचेच्या बांगड्या. आणि ज्या घरची खिरापत कोणालाच ओळखता येत नाही, त्या घरी पुढच्या वर्षी भुलाबाई बसते.

“आणि दोन घरांची राहिली तर?” मी विचारलं.

“तर भुलाबाई हलवत नाहीत. जिथे आहे तिथेच.”

“चार वर्ष झाले, हिची कोनी ओळखली नाई,” आईंनी सुनेकडे बघून म्हटलं. त्यात कौतुक होतं आणि थोडी काळजीही. “यंदा मंदा लागली हाय मांगं.”

वहिनींनी ताटं उचलली.

दुपारी फोनला रेंज मिळते का बघायला मी गच्चीवर गेले. तिथे एका परातीत, पातळ फडक्याखाली, काहीतरी उन्हाला ठेवलं होतं. तपकिरी, सुरकुतलेलं. मला वाटलं मनुका. मी इकडेतिकडे पाहून एक तोंडात टाकली. गोड होती, पण मनुकेसारखी नाही. मागून धुरकट, जड असा वास आला, तो बराच वेळ नाकात राहिला. आवडला की नाही ते ठरवता येईना, म्हणून अजून एक खाल्ली. तरी ठरलं नाही.

उन्हं जरा कलल्यावर वहिनी विळा घेऊन निघाल्या. “चालतं का वावरात? धांडे आनाचे हाय.” भुलाबाईचा मखर ज्वारीच्या पाच कणसांसकट ताटांचा करतात. धांडे म्हणजे तीच ताटं. प्रणाली अंगण सारवत होती, म्हणून मी एकटीच त्यांच्याबरोबर गेले.

गल्लीतून जाताना एक गंमत दिसली. प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी लावलेली. एका घरातून तळण्याचा वास येत होता, तर आतून कोणी मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावला होता. एका दारात घेरदार बाई बसून बाळाला तेल लावत होत्या. “काय व शुभा, काय करून राह्यली यंदा?” त्यांनी विचारलं.

“तुमीच ओळखजा मंदाकाकू, संध्याकाळी.”

“ओळखतोच ना! सोडतो का म्या?” काकू हसल्या आणि बाळाचे दोन्ही पाय एकत्र धरून हवेत हलवले. “ह्या पोरीले सांगून राह्यलो, भुलाबाई तुह्या घरी येते म्हनून.”

बाळ म्हणजे काकूंची नात होती, उन्हाळ्यात झालेली, पहिलीच. खरं सांगायचं तर मला मंदाकाकूंचा रागही येईना. त्या इतक्या उघडपणे आनंदात होत्या.

वहिनींचं शेत गावाला लागून होतं. सगळी कपाशी आणि तूर. फक्त धुऱ्याला (बांधाला) ज्वारीचं एकच तास उभं होतं.

“आता इकडे ज्वारी कोनी पेरत नाई,” वहिनी म्हणाल्या. “पाखरं खातात, डुकरं खातात. हे एक तास मी भुलाबाईसाठी पेरतो. हे (त्यांचे यजमान) हासतात मले. म्हनतात, तुहं एकरभराचं काम अन् पाच धांडे.”

त्या ताटं कापून माझ्या हातात देत होत्या. पानांच्या कडा मानेला लागून आग होत होती आणि चपलेला काळी माती चिकटून एकेक पाय दगडाएवढा झाला होता. मी चप्पल काढली, तर मातीत घोट्यापर्यंत गेले. वहिनी खूप हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यांनी अचानक विचारलं, “एसटीत बोलल्या असतीन ना बाया? माह्याबद्दल?”

मी हातातली ताटं सारखी करू लागले. तेच उत्तर झालं.

“बोलू दे. खोटं नाई बोलत त्या. लेकरू नाई मले.” विळ्याने त्यांनी एक ताट सपकन तोडलं. “त्यायले वाटते मी लेकरासाठी बसवतो भुलाबाई. पहिल्या वर्षी बसवली होती तशीच. आता तसं नाई.”

“मग?” मी विचारलं. दिवसभरातला माझा हा पहिला प्रश्न होता जो मी आधी मनात म्हणून पाहिला नव्हता.

“पोरी येतात ना. महिनाभर. कोनी वेणी घालून मांगते, कोनी अभ्यास घेऊन बसते, कोनी भांडून येते घरी. ओसरी भरून राह्यते. मंग अकरा महिने मी दिवस मोजतो.” त्यांनी पुढचं ताट धरलं. “मंदाकाकूच्या घरी गेली भुलाबाई तं पोरी तिकडे जातीन. पोरीयचं का चुकते त्याच्यात?”

पुस्तकात अशा वेळी लोक काहीतरी बोलतात. मी धांडे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

परत येताना त्या माहेरच्या गोष्टी सांगू लागल्या. माहेर आष्टीकडचं, झाडीचं, म्हणजे जंगलाच्या मुलखातलं. लहानपणी पहाटे उठून आईबरोबर मोहाची फुलं वेचायला जायच्या. “वायली (वाळली) का मनुकेसारखी दिसतात. माय तिळासंगं भाजून लाडू करे. आता इकडे मोह म्हटलं का लोक इकडेतिकडे पाह्यतात,” त्या हसत म्हणाल्या. “आपला जिल्हा दारूबंदीचा ना! मोहाचं एकच काम ठाऊक हाय त्यायले.”

मी चालता चालता थबकले. गच्चीवरची परात. धुरकट, गोड वास. भुलाबाईपुढे बसून मोहाचं नाव कोण घेईल? कोणीच नाही. म्हणून तर त्यांनी ती निवडली होती.

“काय झालं व?”

“काटा,” मी म्हणाले. वहिनी माझा पाय बघायला वाकल्या. काटा नव्हताच, म्हणून त्यांना सापडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाहेर फक्त खलबत्त्याचा आवाज येत होता. प्रणालीने मला डोळा मारला. “मलाही नाही सांगत बरं का ती. सख्खी नणंद असून.” मी धांडे बांधायला सुतळी शोधू लागले.

दिवेलागणीला चंद्र वर आला तेव्हा ओसरी, अंगण, पायऱ्या सगळं भरलं होतं. फ्रॉकमधल्या मुली, ड्रेसमधल्या, परकर नेसून आलेल्या, बाळ कडेवर घेतलेल्या बायका. मखरात भुलाबाई एकदम मोठी दिसत होती. कणसं तिच्या डोक्यावर झुकली होती. बायकांनी तिची ओटी भरली, तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खण, हळकुंड. मग मुली फेर धरून टाळ्यांवर गाऊ लागल्या. गाण्यातली लेक सासरी रुसते, माहेरी पळते, आंबट मागते. सगळ्यांना सगळं पाठ. मला एकही ओळ येत नव्हती, मी फक्त टाळ्या वाजवल्या आणि त्याही अर्धा ठोका उशिराने.

गाणी संपली आणि डबे आले.

माझा डबा आधी आला. प्रणालीच्या आईंनी तो हलवलाही नाही. “पुन्याहून आली म्हंजे बाकरवडी,” त्या म्हणाल्या आणि अख्खं अंगण हसलं. मीही हसले. माझ्या गुपिताचं आयुष्य एवढंच होतं.

मग एकेक डबा कानाजवळ हलवला जाऊ लागला. “गोड का तिखट?” “भाजेल का तळेल?” घरवालीने फक्त मान हलवायची. कोहळ्याची (लाल भोपळ्याची) बोंडं ओळखली गेली, खोबऱ्याची वडी ओळखली गेली. एका डब्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. हलका, खरखरीत, मध्येच एखादा जड दाणा. हॉस्टेलमध्ये दर उपासाला ऐकलेला.

“साबुदाण्याचा चिवडा,” मी म्हणाले.

कोणीच ऐकलं नाही. माझ्या शेजारच्या दोन वेण्यावाल्या मुलीने मात्र ऐकलं. ती ओरडली, “साबुदान्याचा चिवडा!” आणि बांगड्या तिच्या हातात गेल्या.

“हिनं म्हटलं ना आधी!” प्रणाली भांडायला उठली.

“तं मंग मोठ्यानं म्हनाचं,” मंदाकाकू म्हणाल्या. “पुन्याच्या पाव्हनीचा आवाज पुन्यालेच राह्यला का व?”

परत हशा. बऱ्याच जणींच्या मनगटावर आता जिंकलेली बांगडी होती. लहान मुली हात हलवून त्या वाजवत होत्या. मला ती बांगडी हवी होती. हसू नका. एवढ्या बायकांत बसून एक बरोबर उत्तर मला मोठ्याने म्हणायचं होतं.

मंदाकाकूंचा डबा आला. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची, मुरमुऱ्याची, राजगिऱ्याची, सगळी नावं झाली. काकू प्रत्येक नावाला मान हलवत खुशीत डोलत होत्या. शेवटी एकेकीनं “हारलो” म्हटलं, मीसुद्धा. झाकण उघडलं, तर ज्वारीच्या लाह्यांची वडी. “इकडे ज्वारी राह्यली कुठं आता? कोनाच्या डोक्यात येनारच नाई, ठाऊक होतं मले,” काकू म्हणाल्या. वडी सुरेख झाली होती. सगळ्यांनी तसं सांगितलं, वहिनींनीही.

राहिला फक्त वहिनींचा डबा. तो ओळखला गेला, तर भुलाबाई मंदाकाकूंकडे जाणार. नाही ओळखला, तर इथेच राहणार. हे अंगणातल्या सगळ्यात धाकट्या मुलीलाही माहीत होतं. म्हणून की काय, गलका बंद झाला.

वहिनींनी डबा हलवला. धप्प, धप्प, असा मऊ आवाज.

“गोड?” गोड. “तळेल?” नाही. “बेसनाचे लाडू! रव्याचे! मुगाचे! डिंकाचे!” वहिनींची मान नाही, नाही, नाही. एका आजींनी डबा हातात घेऊन झाकणाच्या फटीला नाक लावलं, बराच वेळ. “वास तं ओळखीचा हाय, बाप्पा,” त्या म्हणाल्या, भुलाबाईकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला. “पन नाई. थे कसं असन इथं?”

“हारलो,” त्या म्हणाल्या. मग दुसरी म्हणाली. इथली रीत अशी की प्रत्येकीनं वेगवेगळं म्हणायचं, म्हणजे नंतर कोणी ‘मले ठाऊक होतं’ म्हणू नये. हारलो, हारलो, असं अंगणभर फिरत आलं. प्रणाली म्हणाली. मंदाकाकूंनी पण दात ओठ खाऊन म्हटलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली.

“पाव्हनीनं नाई म्हटलं अजून.”

सगळे माझ्याकडे वळले. वहिनीही वळल्या. त्यांच्या हातात डबा होता. मी बघत असतानाच त्यांना आठवलं. धुरा, ज्वारी, आष्टीचं माहेर, मनुकेसारखी फुलं. चेहरा हलला नाही, फक्त डब्यावरची बोटं पांढरी झाली.

“ठाऊक हाय हिले!” मंदाकाकू पुढे सरकल्या. “तोंड पाह्य तिचं. सांग बाई, सांग.” त्यांनी हातातल्या हिरव्या बांगड्यांचा जोड काढून माझ्यापुढे धरला. “शुभाच्या अन् माह्या बी, दोघीयच्या बांगड्या तुह्या.”

खिरापतीचा खेळ मी माझ्या आईला फोनवर सांगितला होता. पुण्याला परतल्यावर तिने माझे रिकामे हात पाहून विचारलं, “अगं, एकही नाही ओळखता आली?” मी मान हलवली. डब्यातून आणलेले चार लाडू तिला दिले. “कसले गं हे? वास वेगळाच आहे,” ती म्हणाली. परतीच्या एसटीत त्या डब्याचा वास माझ्या मांडीवर होता. बाहेर तीच शेतं होती आणि मला येताना जे दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं. कपाशीच्या कडेला कुठेकुठे ज्वारीचं एखादंच तास उभं होतं. म्हणजे अशा अंगणांची गावं बरीच असावीत. आईला मी सांगितलं नाही, म्हणून गावाचं नाव न लिहिता, त्या रात्री अंगणात पुढे काय झालं ते इथे सांगते.

मी म्हणाले. पण नेहमीसारखं, ओठातल्या ओठात.

मंदाकाकूंनी कानामागे हात धरला. “ऐकू नाई आलं, बाप्पा. मोठ्यानं म्हन.”

मी उठून उभी राहिले. मागच्या पायऱ्यांवरच्या बायकांपर्यंत पोचेल असा माझा आवाज आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“हरले, वहिनी! मला नाही ओळखता आली.”